के. आर. पुरमच्या बाईंचा अभिप्राय

दुपारी साडेचार वाजता राजाजीनगरच्या त्या गल्लीतली हवा बदलायची. म्हणजे अगदी खरोखर. तोपर्यंत ती साधी बंगळुरूची हवा असायची: रिक्षांचा धूर, गॅलरीतलं वाळत घातलेलं धुणं, कोपऱ्यावरच्या हॉटेलातली कॉफी. मग ओस्वाल्दो बेकरीच्या भट्टीचं झाकण उघडायचं आणि कुठूनतरी समुद्र यायचा. बंगळुरूला समुद्र नाही, हे नववीतल्या मुग्धाला भूगोलाच्या पुस्तकातून चांगलं ठाऊक होतं. पण भाजलेल्या पिठाचा, तुपाचा आणि ओल्या झावळीचा तो वास आला की तिला आपलं वाटायचंच, की गल्लीच्या टोकाला, त्या ट्रान्सफॉर्मरच्या मागे, किनारा असणार. आपणच अजून तिथवर चालत गेलेलो नाही, इतकंच.

ओस्वाल्दो हे नाव गल्लीला काही पचलं नव्हतं. निम्मे लोक ती ओसवाल मारवाड्यांची बेकरी समजायचे आणि आत येऊन "प्युअर व्हेज ना?" असं विचारायचे. खरा ओस्वाल्दो होता क्यूबाचा एक म्हातारा बेकर. मोठ्या प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात तो पाव भाजायचा आणि त्याच्या हाताखाली सहा वर्षं होती महानंदाअक्का. निपाणीची पोरगी जहाजावर निघाली म्हणून गावात केवढा गजहब झाला होता! ती मात्र गेली, शिकली, आणि म्हातारा वारल्यावर परत आली. नागराजअण्णांशी लग्न केलं, राजाजीनगरातली एक बंद पडलेली लाकडाची भट्टी चालवायला घेतली, आणि दारावर उस्तादाच्या नावाची पाटी लावली.

ती करायची तो पाव हातभर लांब. बाहेरून पापडासारखा कडकडीत, आतून कापूस. भट्टीत सरकवण्याआधी त्याच्या पाठीवर झावळीचं एक ओलं पातं लांबीभर दाबायचं. सुरी लावायची नाही. आच लागली की पाव त्या पात्याच्या रेघेवर आपला आपण उलतो. क्यूबात ताडासारख्या कुठल्याशा झाडाचं पातं घेतात, इथे नारळाचं. उस्ताद पिठात डुकराची चरबी घालायचा, अक्का तूप. "राजाजीनगरात त्या दुसऱ्याचं नाव जरी काढलं की," अक्का म्हणायची, "शटरच खाली."

उस्तादाचे नियम मात्र तिनं जसेच्या तसे ठेवले होते. एक म्हणजे करणाऱ्याची जीभ लबाड असते. स्वतःचा पाव कसा झालाय हे स्वतः कधी ठरवायचं नाही, ते खाणाऱ्यानं सांगायचं. आणि दुसरा असा, की अभिप्राय पावासारखाच असतो, त्याच दिवशी ताजा. म्हणून गल्ल्याशेजारी एक स्टीलचा डबा होता, कागदाचे चिटोरे होते आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल होती. संध्याकाळी पाच वाजता अक्का उद्याच्या पिठात कोपरापर्यंत हात घालायची आणि कुणीतरी डब्यातल्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या. वाचून झालेली चिठ्ठी भट्टीत. शिळं काही ठेवायचं नाही.

आधी हे काम नागराजअण्णांकडे होतं. ते सगळं एकाच सुरात वाचायचे, स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं सांगतात त्या सुरात. ऑक्टोबरात एकदा त्यांची दाढ सुजली. मुग्धा नेमकी तेव्हा आईसाठी पेरूचे पफ न्यायला आली होती.

"ए पुणे मेडम," अण्णा गालावर हात ठेवून म्हणाले. त्यांचं मराठी लग्नानंतरचं, बायकोकडून शिकलेलं. "इंग्लिश वाचते? कानडी पण स्वल्प येते ना शाळेत? वाच जोरात. मला त्रास आहे."

जूनमध्ये बाबांच्या नोकरीपायी पुण्याहून इथे आल्यापासून मुग्धा शाळेत फक्त "प्रेझेंट मॅम" म्हणत होती. पाच महिने दुसरा शब्द नाही. पण त्या भट्टीसमोर, पाठीवर ऊब घेत, तिनं पहिली चिठ्ठी उचलली आणि तिला काय झालं कोण जाणे, ज्यानं लिहिली त्याच्याच आवाजात तिनं ती वाचली.

"'पाव कडक आहे. आमच्या सासऱ्यांचा दात हलला. दात आधीच हलत होता, पण तरी.'"

अक्का हसली. मग पुढची. "'पफमध्ये पेरू का? पेरू झाडावर ठीक आहे. एग पफ द्या.'" मग कानडीतली, अक्षर अक्षर जुळवत. "'पावात पान सापडलं. केस नाही म्हणून तक्रार करत नाही, पण कळवतो.'" अक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पिठाचे हात तोंडाला लावता येईनात, म्हणून ती दंडानं डोळे पुसत राहिली. "कुठं होतीस गं पोरी इतके दिवस?" ती म्हणाली. "उद्या ये. रोज ये."

तर मुग्धा रोज जायला लागली. शाळा सुटली की बेकरी. आणि तो आवाज भट्टीपाशी राहिलाच नाही, शाळेतही आला. एक दिवस इतिहासाच्या तासाला हात आपोआप वर गेला. मग स्नेहसंमेलनात निवेदन मिळालं. आई म्हणाली, "कोण गं तू? आमची मुग्धा कुठेय?" मुग्धाला मात्र माहीत होतं, आमची मुग्धा पिठाच्या धुरळ्यात उभी आहे आणि तिरप्या उन्हात तो धुरळा सोनेरी दिसतोय, आणि अक्का हवानाच्या गोष्टी सांगतेय. तिथे म्हणे पहाटे पाववाला यायचा आणि प्रत्येक दाराशी ठोकलेल्या खिळ्याला एकेक पाव अडकवून जायचा. दार उघडलं की समोर पाव लटकतोय, मागे निळं पाणी. उस्ताद लहान असताना असंच होतं, असं तो सांगायचा. मुग्धाला रात्री स्वप्नात तेच दिसायचं, फक्त दारं राजाजीनगरची असायची आणि खिळ्याला अडकवलेल्या पावांवर रांगोळीचे शिंतोडे असायचे.

आता अक्काची एक खोड होती. ती अभिप्राय ऐकायची म्हणजे अक्षरशः ऐकायची. पाव कडक म्हणाले? वरून दुधाचा हात फिरवून कवच मऊ केलं. फार लांब आहे, पिशवीत बसत नाही म्हणाले? वीतभर कमी केला. एका काकांनी लिहिलं, 'मला बीपी आहे, मीठ कमी करा', तिनं मीठ निम्म्यावर आणलं. पान नको म्हणाले तर पातं इतकं बारीक कापलं, की पाव धड उलेना. जानेवारीपर्यंत तो पाव धड क्यूबाचा राहिला नव्हता, धड बंगळुरूचा झाला नव्हता. परक्या गावात आलेल्या मुलीसारखा गप्प होऊन शेल्फावर पडलेला असायचा. मुग्धाला बघवायचं नाही.

आणि एका बुधवारी अक्का पीठ मळता मळता म्हणाली, "सोमवारपास्नं लांब पाव बंद करूया."

मुग्धाच्या हातातली चिठ्ठी हातातच राहिली. "बंद म्हणजे?"

"बंद म्हंजे बंद. बन करूया, दिलपसंद करूया, खारा बिस्कीट करूया. सगळी करत्यात तसं."

"अगं पण ओस्वाल्दो..."

"उस्ताद काय बघाय येतोय? हितं तो पाव कसा असतो हे ठाऊक असलेलं माणूसच न्हाई गं. एक जरी असतं आणि म्हणालं असतं, की बाई, बरोबर जमलाय, तर मी जल्मभर केला असता. कुणाला विचारू मी? भट्टीला?" तिनं पिठाचा गोळा जोरात आपटला. "वाच. काय लिवलंय पुढं?"

चिठ्ठीवर इंग्रजीत चारच शब्द होते: ब्रेडमध्ये मीठ कमी आहे.

मुग्धानं त्या चार शब्दांकडे पाहिलं. भट्टीचं तोंड लाल झालं होतं, संध्याकाळी समुद्रावर सूर्य टेकतो तसं. आणि त्या उजेडातून, शपथेवर, एक बाई चालत आली. निळसर साडी, हातात मिटलेली छत्री, केस पांढरे. मुग्धानं तोंड उघडलं आणि ती बाईच बोलायला लागली.

"'मी के. आर. पुरमला राहते. दर गुरुवारी मेट्रोनं ह्या बाजूला येते. माझं लहानपण क्यूबात गेलं, वडील तिथे नोकरीला होते. आमच्या दाराशी खिळा होता. पहाटे त्याला पाव अडकवलेला असायचा. साठ वर्षांनी तो वास मला इथे आला. बाई, तुमच्या हाताला कुणी शिकवलं? कृपा करून पाव पूर्वीसारखा कडक आणि लांब करा. झावळीचं पातं रुंद ठेवा. बाकी बरोबर जमलाय.'"

पिठातले हात थांबले.

"परत वाच," अक्का म्हणाली.

परत वाचायचं? मुग्धाला घाम फुटला. तिनं वाचलं, म्हणजे आठवून आठवून म्हटलं, आणि छत्रीवाली बाई सुदैवानं दुसऱ्यांदाही तेच बोलली.

"ती चिठ्ठी भट्टीत टाकू नको. दे हिकडं."

"टाकली!" मुग्धा म्हणाली. आणि खरंच टाकली, म्हणता म्हणता.

"खुळी का काय तू! एवढी एक तर ठेवायची होतीस!" अक्का ओरडली, पण चेहरा रागावलेला नव्हता. तो चेहरा मुग्धानं आधी कधी पाहिलाच नव्हता. जहाजावरची चोवीस वर्षांची मुलगी असणार ती. "उद्या गुरुवार. अवो ऐकलं का? उद्या एक पाव बाजूला ठेवा, फडक्यात गुंडाळून. के. आर. पुरमची एक बाई येईल."

नागराजअण्णांनी चष्म्यावरून आधी बायकोकडे पाहिलं, मग मुग्धाकडे, जरा जास्तच वेळ. "सरी," ते म्हणाले.

गुरुवारी मुग्धा शाळेतून पळतच आली. शेल्फावर पाव मांडले होते आणि काय पाव होते! हातभर लांब, तांबूस, पाठीवरची रेघ नदीसारखी उललेली. फडक्यातला पाव मात्र कुठे दिसेना.

"अण्णा, तो... गुरुवारचा पाव?"

"ती घेऊन गेली की," अण्णा शांतपणे म्हणाले आणि गिऱ्हाइकाला रस्क मोजून द्यायला लागले.

मुग्धा तिथेच उभी राहिली. घेऊन गेली? कोण घेऊन गेली? तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटली ती भलतीच गंमत. म्हणजे माणसानं नुसतं म्हणायचा अवकाश, की ते चालत येतं? घरी जाताना तिनं गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं. ट्रान्सफॉर्मरच्या मागे एक स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. तरीही तिला वाटलं, आत्ताच कुणीतरी निळं इथून वळलं.

मग दर गुरुवारी बाईंची चिठ्ठी येऊ लागली. बाईंना पेरूचा पफ आवडला. बाईंना हवानाच्या किनाऱ्यावरच्या मालेकोनच्या भिंतीवर आपटणाऱ्या लाटा आठवल्या (ही भिंत अक्काच्याच गोष्टीतली). अक्का त्या रात्री गाणं गुणगुणत भांडी घासते, असं अण्णा सांगत. आणि दर गुरुवारी फडक्यातला पाव नाहीसा होत होता.

या दिवसांत डब्यात दुसऱ्याही चिठ्ठ्या असायच्या. मीठ नाही. मीठ विसरलात का? उप्पु इल्ला. छान दिसतो, पण अळणी. मुग्धा त्या उचलायची, "चन्नागिदे, छान आहे म्हणतायत," असं काहीतरी म्हणायची आणि भट्टीत टाकायची. एक वाईट शब्द गेला आणि पाव बंद झाला तर? तेव्हा नकोच. मग चिठ्ठ्या कमी होऊ लागल्या. पाच, मग तीन, मग एखादी. पाव शेल्फावर उरायला लागले. "पीठ सैल का पडतंय, कळंना," अक्का म्हणायची. "फुगतंय भारी, पण अंगात बळ न्हाई. जाऊ दे. बाई बरोबर म्हणत्यात ना? मग बरोबरच असणार."

चौथ्या बुधवारी ती म्हणाली, "उद्या गल्ल्यावर मी उभी ऱ्हाणार. त्या बाईंस्नी बघितल्याबिगर माझा जीव ऱ्हायना. एकच गोष्ट विचारायची हाय. खिळ्याला अडकवायचा तो पाव असाच लागायचा का? तोंडानं हो म्हणाल्या की बास. मग आपण कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई."

मुग्धा त्या रात्री झोपली नाही. झोपली असती तर ती बाई स्वप्नात आली असती आणि काहीतरी मार्ग सांगितला असता.

गुरुवारी अक्कानं मोरपंखी काठापदराची साडी नेसली होती, केसात मोगरा. बेकरीत तिला असं कुणी पाहिलं नव्हतं. फडक्यातला पाव तिच्या समोर, हात त्याच्यावर ठेवलेला, बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा. मुग्धा दप्तरासकट कोपऱ्यात स्टुलावर बसली. अण्णांना आज घाम येत होता आणि ते उगाच काच पुसत होते.

पांढऱ्या केसांची एक बाई आली. अक्का ताठ झाली. "के. आर. पुरमहून आलात?"

"इल्ला, बसवेश्वरनगर. पावशेर खारा बिस्कीट."

पाच वाजले. छत्रीवाली एक आजी आली. "तुम्ही क्यूबाला होता का हो?" अक्कानं कानडीत विचारलं. आजी दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, तिचा मुलगा दुबईला असतो, पण का? साडेपाच वाजले. बाहेर उजेड मधासारखा झाला, आणि जाणारी प्रत्येक बाई त्या उजेडात एक क्षण ती वाटायची, मग कुणीतरी दुसरीच व्हायची. दर वेळी अक्का पदर सारखा करायची. दहाव्यांदा तिनं तो सारखा केला तेव्हा मुग्धाला पुढे बघवेना.

"अक्का, ती येणार नाही."

"मेट्रोला गर्दी असणार."

"नाही. ती नाहीच आहे. मीच... चिठ्ठी तशी नव्हती. मी बनवलं सगळं. खिळा, वडील, साठ वर्षं. तूच सांगितलेलं होतंस, मी नुसतं तिच्या तोंडात घातलं. तू पाव बंद करणार म्हणालीस, म्हणून."

अक्कानं पावावरचा हात काढला नाही. तिनं मान हळूच नवऱ्याकडे वळवली. "पाव न्यायचं कोण मग?"

अण्णांनी फडकं खाली ठेवलं. "महानंदा, तू हसत होतीस गं. वीस वर्षांत असं... मला वाटलं, चार दिवस हसू दे." त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. "यल्लव्वाला दिला."

यल्लव्वा बेकरीच्या पायरीवर मोगऱ्याच्या माळा घेऊन बसायची. झावळीची पातीही तीच आणून द्यायची. आपलं नाव ऐकून तिनं आत डोकं घातलं. "गुरुवारचा पाव व्हय? माझी नात खाती चटणीसंगं. दिसाय लई बेस हाय अक्का, राजावाणी." मग तिला राहवेना. "पर त्येला मीठ न्हाई की गं. दवाखान्यातलं जेवान लागतंय."

अक्का मुग्धाकडे बघत होती, आणि आता तिला सगळं दिसायला लागलं होतं, फुगलेलं सैल पीठ, उरलेले पाव, रिकामा डबा.

"मिठाच्या चिठ्ठ्या आल्या होत्या?"

मुग्धानं मान हलवली.

"किती?"

"अकरा. बारा. पहिली तीच होती. बाईंची म्हणून वाचली ती."

"बारा माणसं मला बोलावून सांगत होती." अक्काचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "बारा माणसं. आणि मी बसले होते त्या न आलेल्या बाईची वाट बघत, नटूनथटून. पोरी, मला माझी जीभ न्हाई. उस्तादानं काढून घेतली ती. तुझा आवाज म्हंजे माझी जीभ होती. तू मला चार हप्ते गोड गोड ऐकवलंस आणि माझ्या पावातलं मीठ पळवलंस."

मुग्धाला रडू आलं. पण रडून चालण्यासारखं नव्हतं, कारण अक्का आता मोगरा काढत होती. तो तिनं गल्ल्यावर ठेवला, पदर खोचला आणि आत जाता जाता म्हणाली, "उद्या एक भट्टी लावते. लांब पावाची, उस्तादाच्या मापानं, मिठासकट. चिठ्ठ्या नकोत. तू दारात उभी ऱ्हायचं ताट घेऊन, आणि एकेकाला तोंडावर विचारायचं, कानडीत. जे म्हणतील ते तिथनंच वरडून मला सांगायचं, खाणाऱ्याच्या देखत, म्हंजे खोटं बोलायला जागा ऱ्हायाची न्हाई. पाव ऱ्हायचा का जायचा ते उद्या ठरंल."

शुक्रवारी साडेचारला समुद्र आला. मुग्धा पायरीवर शाळेच्या गणवेशात उभी राहिली, ताटात पावाचे तुकडे. चिठ्ठी वाचणं सोपं होतं, चिठ्ठी डोळ्यांत बघत नाही. समोरून पहिले आले ते हलणाऱ्या दाताच्या सासऱ्यांचे जावई.

"सर, स्वल्प टेस्ट माडि," ती म्हणाली. "निज हेळि. खरं सांगायचं."

त्यांनी चावला. कडकडीत आवाज झाला. बराच वेळ ते चावतच राहिले. "उप्पु सरी इदे. पण कडक आहे बाबा."

"अक्काऽऽ," मुग्धा आत तोंड करून ओरडली, "मीठ बरोबर, पण कडक म्हणतायत!"

"कॉफीत बुडवा म्हणावं!" आतून आवाज आला. "कडकच असतो तो!"

जावई हसले. दोन पावलं जाऊन परत आले आणि एक पाव घेऊन गेले, सासऱ्यांना नाही, स्वतःला म्हणून. मग बीपीवाले काका आले, त्यांनी तुकडा तोंडात घालून डोळे मिटले आणि म्हणाले, "छान झालाय, म्हणजे मला चालणार नाही." एका कॉलेजच्या मुलीला तो आवडला नाही. अजिबात नाही. "सॉरी हां," ती म्हणाली, आणि मुग्धानं तेही ओरडून सांगितलं. "चालतंय!" आतून आलं. यल्लव्वानं अर्धा तुकडा आपण खाल्ला, अर्धा पदरात बांधला. "आता पाव झाला," ती म्हणाली. एकाला पान हवं होतं घरी न्यायला, एकीला पेरूचा पफ हवा होता, पाव नको. एक मुलगा तुकडा खाऊन गेला, कोपऱ्यावरून वळून आला आणि दुसरा मागायला लागला. मुग्धाचा आवाज बसत आला होता आणि तिला भारी वाटत होतं. ही सगळी माणसं मेट्रोनं आलेली नव्हती, कुणाच्या दाराशी खिळा नव्हता, कुणाला काही आठवत नव्हतं. ती नुसती चावत होती आणि जे वाटतंय ते सांगत होती.

ताटात शेवटचा तुकडा राहिला. आतली लाटण्याची खडखड थांबली.

"आणि तुझं काय?" अक्का दारात येऊन उभी होती, हात पिठानं पांढरे. "चार महिने गावाचं वाचलंस. तुझी चिठ्ठी कधी आली न्हाई."

मुग्धानं तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. निळी साडी, छत्री, लाटा, सगळे येऊन रांगेत उभे राहिले आणि म्हणाले, छान म्हण, छान म्हण. तिनं चावला. कवच मोडलं, मागून तूप आलं, मग मीठ, नीट जागच्या जागी. आणि मग, अगदी शेवटी, जिभेच्या मागच्या टोकाला काहीतरी कडू.

तिनं डोळे उघडले. अक्का तिच्या ओठांकडे बघत होती, काल ज्या नजरेनं रस्त्याकडे बघत होती त्याच नजरेनं.

"छान आहे," मुग्धा म्हणाली. "पण अक्का, खालून करपलाय."

नागराजअण्णांनी श्वास रोखला.

"किती करपलाय?"

"स्वल्प. एका बाजूलाच."

"कुठल्या?"

"डाव्या."

अक्कानं भट्टीकडे वळून पाहिलं, मनात काहीतरी मोजलं. "मागच्या बाजूचं लाकूड जास्त झालं," ती म्हणाली. "उद्या कमी घालते."

"उद्या?" अण्णांनी विचारलं.

"उद्या. सोमवारी पण. रोज." ती परत आत वळली आणि परातीशी जाऊन ओरडली, "आणि ती काय पुतळ्यासारखी हुबी ऱ्हायलीस? नवीन तुकडे ने! ते समोरचे गृहस्थ नुसता वास घेऊन चाललेत, विचार की त्यांना!"

मुग्धा ताट घेऊन पळाली.